ठाण्यातल्या अक्कोरू

अक्कोरूंच्या मराठीत निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग नव्हतंच. त्यांची पिशवी म्हणजे ‘ते पिशवी’, चष्मा म्हणजे ‘माझं चष्मा’, आणि वर्गातली खुर्ची ‘ते मोडकं खुर्ची’. आम्ही मुली वही तोंडावर धरून हसायचो. एकदा एकीनं धीर करून विचारलंच. फळ्यावर लिहिता लिहिता, मागं वळूनही न बघता त्या म्हणाल्या, “आमच्या कन्नडात जीव असेल त्यालाच बाई-बाप्या. खुर्चीला बाई कशाला करता तुम्ही? बसायचं वस्तू ते.” आम्ही वह्या तोंडावरून खाली घेतल्या.

आमचं गाव निपाणीच्या पुढं, कोगनोळीच्या अलीकडं, हायवेला लागून. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बसमध्ये दोन्ही. अक्कोरू मूळच्या धारवाडकडच्या. तिकडं शाळेतल्या बाईंना अक्कोरू म्हणतात, तेच त्यांचं नाव झालं. आमच्या मराठी शाळेत त्या कन्नड शिकवायला आल्या तेव्हा पालकांना त्या नको होत्या. वरून लादलेला विषय आणि लादलेली बाई, असा सगळा मामला. काही मुली तर कन्नडात नापास होणं हे घराण्याचं कर्तव्य समजायच्या. अक्कोरूंनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. “माझ्यावर राग असेल तर असू दे, अक्षरावर नको,” म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर त्या धारवाडला परत जातील असं सगळ्यांनी धरलं होतं. त्या गेल्या नाहीत. यजमान आधीच वारले होते, मूलबाळ नव्हतं. आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होत्या, तिथंच राहिल्या.

ठाण्यात जाण्याची सुरुवात झाली ती शेजारच्या इंदूमावशीमुळं. शेतावरून येताना मोटारसायकलवरच्या दोघांनी तिच्या गळ्यातलं ओढून नेलं. मावशी घरी येऊन रडत बसली, पण पोलिसात जायला तयार नाही. “चोरांनी गळ्यातलं नेलं, स्टेशनात गेले तर अब्रूबी जाईल,” हे तिचं म्हणणं. आमचे आप्पा तिच्याच बाजूचे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, ठाण्याची तर त्याहून नाही, असं त्यांनी आपलं ठरलेलं वाक्य टाकलं. अक्कोरू चपला घालत होत्या. त्या म्हणाल्या, “शहाणे चढत न्हाईत, म्हणून तर पायऱ्या अशी झालीत, आप्पा.” आणि मावशीला घेऊन गेल्या.

ठाण्यात जबाब लिहून झाला आणि पोलिसानं मावशीपुढं शाईचा डबा सरकवला. अक्कोरूंनी कागद आपल्याकडं ओढला आणि मोठ्यानं, सावकाश, वर्गात धडा वाचावा तसा वाचायला घेतला. त्यात लिहिलं होतं की दागिना वाटेत कुठंतरी हरवला. हरवला म्हटलं की गुन्हा नाही, गुन्हा नाही की तपास नाही. अक्कोरूंनी मावशीचा पदर जरा बाजूला केला. “हरवलं तर गळ्यावर वळ कसं उठेल, साहेब?” लिहिणाऱ्यानं वळ बघितला, अक्कोरूंकडं बघितलं आणि नवा कागद घेतला. दागिना सापडला नाही. पण मावशीनं ही गोष्ट अख्ख्या गावाला सांगितली, आणि त्यानंतर ठाण्यात जायची पाळी आली की लोक आधी आमच्या मागच्या दारी यायला लागले.

ठाण्यात त्या भांडायच्या नाहीत. आत गेल्या की आधी सगळ्यांना नमस्कार, मग दिसेल त्या पोलिसाला “ऊटा आयता?”, म्हणजे जेवण झालं का. उत्तर येईपर्यंत त्या पुढं सरकायच्या नाहीत. मग बाकड्यावर बसून क्रोशाचं विणकाम काढायच्या आणि कागद तयार झाला की चष्मा पुसून वाचायच्या. वाचल्याशिवाय सही नाही, एवढाच त्यांचा हट्ट. एखादा नवीन पोलीस चिडायचा, तुम्ही वकील का, म्हणायचा. “न्हाई. मला वाचता येतंय,” हे त्यांचं उत्तर. जुन्या पोलिसांना त्यांची सवय झाली होती. कुणाकुणाची तर त्या कन्नड शुद्धलेखनाची चूकही सांगायच्या, आणि तो ती गुपचूप सुधारायचा.

आमच्या गल्लीला पोलीस म्हणजे नुसती धास्ती. अक्कोरूंना मात्र त्यांचीही काळजी वाटायची. एका वर्षी सीमाप्रश्नाच्या कुठल्याशा कार्यक्रमाचा बंदोबस्त लागला होता. आमच्या कोपऱ्यावर रेणुका नावाची एक तरुण पोलीस बाई सकाळपासून उन्हात उभी होती. दुपारी अक्कोरू तिच्याजवळ गेल्या, कानात काहीतरी बोलल्या आणि तिला हाताला धरून घरी घेऊन आल्या. दिवसभर बाथरूमची सोय नव्हती, म्हणून बिचारीनं पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. गल्लीत लगेच कुजबुज सुरू झाली. पोलिसाला घरात घेतलं, म्हणजे ह्या आपल्या खबरा देत असणार. आईनं ते घाबरत घाबरत त्यांच्या कानावर घातलं. अक्कोरू म्हणाल्या, “खबर काय देऊ गं? तुझ्या नवऱ्याला मधुमेह आहे आणि तो चोरून जिलबी खातो, हे देऊ?” त्यानंतर रेणुका अधूनमधून यायची. यायची ती मात्र साध्या साडीत, आणि मागच्या दारानं.

मग गावात दिवस बदलले. आधी चौकात कॅमेरे आले, त्याचं लोकांना कौतुकच वाटलं. नंतर मोबाईलला जोडलेलं छोटं यंत्र आलं. संध्याकाळी कट्ट्यावर बसलेल्या पोरांना पोलीस उठवायचे, फोटो काढायचे, अंगठा यंत्रावर ठेवायला लावायचे. कशासाठी, हे कुणी सांगत नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. एकदा अक्कोरू भाजी घेऊन चालल्या होत्या. एका पोराचा अंगठा घेणं चाललेलं बघून त्या थांबल्या, पिशवी खाली ठेवली आणि आपला अंगठा पुढं केला. “माझंपण घ्या.”

“तुमचं कशाला, अक्कोरू?” पोलीस हसला.

“मग त्याचं कशाला?”

“वरून ऑर्डर आहे,” एवढंच म्हणाला. अक्कोरूंनी अंगठा तसाच धरून ठेवला. शेवटी त्यानं यंत्र खिशात टाकलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या चौकात उभा होता. घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, “शैला, पूर्वी पोलीस गुन्हा झाला की यायचे. आता आधीच येऊन बसतात. मग गुन्हा कुणाचं, हे कसं कळणार?”

हे सगळं आमच्या घरात शिरलं ते माझ्या धाकट्या भावामुळं. संजू टेम्पो चालवतो. गावची भाजी कोल्हापूरला पोचवायची आणि परत यायचं, हा त्याचा धंदा. त्या दिवशी एका सभेला बंदी होती आणि पोलीस कोगनोळीजवळ गाड्या अडवत होते. संजूच्या टेम्पोत मागं सात-आठ माणसं होती. बस बंद म्हणून वाटेत हात केला, यानं घेतली. त्यातले काही सभेला निघालेले, एकजण तर दवाखान्यात चाललेला. पोलिसांनी सगळ्यांना उतरवलं. ढकलाढकली बघून संजूनं मोबाईल काढला आणि चित्रण करायला लागला. मोबाईल गेला, टेम्पो गेला आणि सगळी वरात आमच्या ठाण्यात आली.

मी आणि अक्कोरू पोचलो तेव्हा बाकीच्यांच्या सह्या होऊन त्यांना सोडणं चाललं होतं. संजू कोपऱ्यात उभा होता. मला बघून म्हणाला, “आक्का, मी काय बी केलं न्हाय गं. नुसतं शूटिंग केलं.” त्याच्यापुढचा कागद अक्कोरूंनी घेतला आणि वाचता वाचता मध्येच थांबल्या.

“संजू, तू मुखंड आहेस काय?”

“म्हंजे?”

“पुढारी. तू जमावाचा पुढारी आहेस, असं लिहिलंय.”

“अक्कोरू, मी डायव्हर हाय.”

टेबलामागचे फौजदार हसले. “ड्रायव्हर पुढंच बसतो की, टीचर.”

सगळे हसले. अक्कोरूही थोड्या हसल्या, पण कागद त्यांनी खाली ठेवला नाही. “ते शब्द काढा, मग सही,” म्हणाल्या. शब्द काढणार नाही, असं फौजदारांनी सांगितलं. मग आम्ही बसलो. दुपार सरली, पोलिसांची पाळी बदलली, चहा आला आणि गेला. विणकामाचा रुमाल अर्धा झाला. संजू दोनदा म्हणाला, “जाऊ दे, करतो सही, घरी जाऊ.” अक्कोरूंनी वरही बघितलं नाही. ऊन उतरल्यावर कंटाळून फौजदारांनी तो शब्द खोडला आणि संजू आमच्याबरोबर बाहेर आला. टेम्पो मिळाला, मोबाईल मात्र त्यांच्याकडंच राहिला.

आम्हाला वाटलं, सुटलो. काही आठवड्यांनी कळलं की संजूच्या नावानं रावडी शीट उघडलं आहे. म्हणजे ठाण्यात गावातल्या गुंडांची जी नोंद असते, त्यात माझा भाऊ गेला. हे कुणी घरी कळवलं नाही, त्याचं म्हणणं विचारलं नाही. पोलीस वेळी-अवेळी दारात यायला लागले, संजू कुठं आहे, विचारायला लागले. गणपती आला, निवडणूक आली, कुणा मंत्र्याचा दौरा आला की त्याला बोलावणं. गुंडांच्या रांगेत उभं करून दम द्यायचे, फोटो काढायचे. उचगावच्या एका चांगल्या घरातून त्याला मुलगी सांगून आली होती. त्यांनी चौकशी केली आणि पुन्हा फोन केला नाही. आप्पा बाहेर जायचे बंद झाले. आयुष्यभर कोर्टाची पायरी न चढलेला माणूस, त्याच्या घरी पोलीस पायरी चढून येत होते.

त्या काळात अक्कोरू दर बोलावण्याला संजूबरोबर गेल्या. मला पतसंस्थेतून रजा मिळायची नाही. त्यांना कुणाची रजा काढायची नव्हती. शीट बंद करावं म्हणून बेळगावला वरच्या कचेरीत अर्ज दिला, तेव्हा मात्र मीही गेले. साहेबांनी ऐकून घेतलं, बघतो म्हणाले. येताना आम्ही कॅम्पातल्या एका झाडाखाली बसून डब्यातल्या चपात्या खाल्ल्या. समोरून जवानांची एक तुकडी शिस्तीत चालली होती. संजू त्यांच्याकडं बघत म्हणाला, “मलाबी भरती व्हायचं हुतं. आता पोलिसांचा दाखला कोण देणार?” अक्कोरूंनी आपल्यातली अर्धी चपाती त्याच्या डब्यात ठेवली.

पुढं ठाण्यात नवे साहेब आले. ज्याला बोलावलंय तो आणि त्याचा वकील, याशिवाय आत कुणी नको, असा त्यांनी हुकूम काढला. अक्कोरू बाहेर पायरीवर बसायला लागल्या. गणपतीच्या आधी संजूला बोलावलं, तेव्हा मीही होते. त्याला एका कागदावर सही करायला सांगितली, तर तो कागद घेऊन सरळ दारापाशी आला आणि त्यानं तो अक्कोरूंच्या हातात दिला. त्या वाचायला लागल्या. नवे साहेब बाहेर आले. कागद द्या, म्हणाले.

“एक मिनिट, साहेब. शेवटचं ओळ राहिलंय.”

साहेबांनी दारातल्या रेणुकाला खूण केली. तिनं कागदाला हात घातला, अक्कोरूंनी तो सोडला नाही, कागद फाटला. बस्स, एवढंच झालं. मी हातभर अंतरावर होते. संध्याकाळपर्यंत अक्कोरूंवर गुन्हा दाखल झाला. सरकारी कामात अडथळा आणला, सरकारी कागद फाडला आणि महिला पोलिसाला ढकललं. साक्षीदार म्हणून नाव होतं रेणुकाचं.

आता ज्यांच्यासाठी त्या ठाण्यात बसल्या होत्या ती माणसं काय करतात, हे मला बघायचं होतं. काही आली. इंदूमावशी तर भाकरी बांधूनच आली. पण बरीचशी आली नाहीत. मराठी पुढारी म्हणाले, ती त्यांची बाई, त्यांचं ते बघून घेतील. कन्नड मंडळी म्हणाली, ही मराठ्यांच्या नादी लागली. आणि ज्यांची पोरं कट्ट्यावर बसत होती, त्यांना आपल्याही पोराचं शीट उघडेल ही भीती. मी चिडून बोलले, तर अक्कोरूंनी मलाच गप्प केलं. “भीती खोटं असतं काय? खरंच असतं. भ्यालेल्या माणसाला नावं ठेवू नको.”

पण त्या रेणुकाचं नाव निघालं की विषय बदलायच्या. त्यांना लागलं होतं, ते एवढ्यावरूनच कळायचं. तिचं येणं अर्थातच बंद झालं होतं.

कोर्टात तारखांवर तारखा पडत गेल्या. पहिल्याच भेटीत आम्ही लावलेले वकीलसाहेब म्हणाले, “अक्कोरू, चूक झाली म्हणून कबूल करा. थोडा दंड होईल, विषय संपेल. या वयात कशाला हेलपाटे? सगळे तसंच करतात.”

“सगळे करतात, म्हणून पोलीस असं लिहितात,” अक्कोरू म्हणाल्या. “मी ढकललं न्हाई. कोर्टानं ते सांगू दे. मला सुटायचं न्हाई, मला निकाल पायजे.”

प्रत्येक तारखेला त्या धुतलेली साडी नेसून, डबा घेऊन कोर्टात हजर. नाव पुकारलं की वर्गातल्या मुलीसारख्या ताठ उभ्या राहायच्या. संजू टेम्पोचं भाडं सोडून त्यांना न्यायचा-आणायचा. त्या वर्षाच्या थंडीत त्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी छातीचं दुखणं सांगितलं, धारवाडहून भाचा न्यायला आला. पुढच्या तारखेला साक्ष आहे, ती होऊ दे, मग येते, म्हणून त्यांनी त्याला परत पाठवलं. तारीख यायच्या आधी एका सकाळी चहाला हाक मारली, तर त्यांनी ओ दिली नाही.

पुढं कोर्टात वकीलसाहेबांनी मृत्यूचा दाखला दिला आणि खटला बंद झाला. आरोपी मयत, एवढं कारण. दोषी नाही आणि निर्दोषही नाही. मला त्यांच्या जाण्याइतकंच हेही लागलं.

पण त्याआधीची गोष्ट सांगायची राहिली. अक्कोरू गेल्या तेव्हा त्यांच्या खोल्या लहान, म्हणून समाचाराला येणारी माणसं आमच्या अंगणात बसत होती. आश्चर्य म्हणजे जे कोर्टात आले नव्हते तेही आले. भाचा सगळ्यांशी मोडक्या मराठीत बोलत होता. अशात एके दिवशी रेणुका आली. साध्या साडीत होती, पण या वेळी पुढच्या दारानं. गल्लीत तिला कोण ओळखत नाही? दोघीतिघी बायका उठून बाजूला सरकल्या. इंदूमावशीनं तर तोंड फिरवलं. रेणुका दारातच उभी राहिली, ना आत ना बाहेर.

संजू उठला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार आणि उद्या परत पोलीस येणार. त्यानं तिच्यासाठी जागा केली आणि म्हणाला, “बसा, मॅडम.”

ती बसली नाही. भाच्याकडं बघून म्हणाली, “पुढच्या सोमवारी माझी साक्ष होती.”

“काय सांगणार हुता?” संजूनं विचारलं. आवाज चढवला नव्हता. खरंच विचारत होता.

“आता त्याचा काय उपयोग? आता कोण विचारणार मला?”

“मी विचारतोय की.”

सगळं अंगण रेणुकाकडं बघत होतं. मग ती बोलायला लागली. आधी मराठीत, मग मराठीत अडखळली तशी कन्नडात. अक्कोरूंनी मला हात लावला नाही, म्हणाली. कागद माझ्या ओढण्यानं फाटला. लिहिलेलं माझं नव्हतं, सही माझी होती. मी ते न वाचता सही केली.

ज्यांना कन्नड कळत नव्हतं, त्यांना शेजारचे हळू आवाजात सांगत होते. आमचे आप्पा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. महिनोन्महिने ते परक्या माणसाशी बोलले नव्हते. ते उठले, तिच्यापर्यंत चालत आले आणि त्यांनी विचारलं, “जेवलीस का, बाळ?”

ती नाही म्हणाली. आई पान वाढायला आत गेली.